कुत्री अचानक व्यायली, सहा पिल्लं आहेत, एक दूधच ओढत नाही

अंगणवाली, इंदूर
११ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. घाईत लिहिते आहे.

मी लोकमान्य नगरात राहते. जुनं बैठं घर आहे, मागे अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याची अडगळीची खोली. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई, त्यांचं वय ८४. चिंगी ही आमची कुत्री. गावठी, तांबूस पिवळी, डॉक्टरांच्या अंदाजाने दोन वर्षांची. मागच्या पावसाळ्यात फाटकाशी येऊन बसायची. एका रात्री पावसाचा जोर फार होता म्हणून आत घेतली, ती आमचीच झाली. रेबीजची लस दिली, पट्टा बांधला. ऑपरेशन दिवाळीनंतर करून घेऊ असं ठरलं होतं. दिवाळी झाली, मग ह्यांचं मोतीबिंदू निघालं, आणि ते राहून गेलं. नोव्हेंबरात लागोपाठ दोन रात्री ती फाटकाखालच्या फटीतून निसटली होती. तेव्हाच ओळखायला हवं होतं. ही चूक माझी आहे.

पोट दिसत होतं, पण थंडीत भूक वाढली आहे, दोन पोळ्या जास्त खाते, म्हणून असेल असं वाटलं. सासूबाई आठवड्यापूर्वीच म्हणाल्या होत्या, "अगं, तिची आचळं बघ कशी भरली आहेत. ही गाभण आहे." मी हो हो म्हणून सोडून दिलं.

काल रात्री ती जेवली नाही. गाद्यांच्या मागे जाऊन सारखी जमीन उकरत होती, धापा टाकत होती. पहाटे साडेतीनला पहिलं पिल्लू झालं, आठ वाजेपर्यंत सात झाली. त्यातलं एक मेलेलंच आलं. उरली सहा. चार तिच्यासारखी तांबूस, दोन काळी, पायांशी पांढरी. चिंगीने सगळं स्वतःच केलं. नाळ तोडली, वार खाल्ली, एकेकाला चाटून कोरडं केलं. मी जुनी सुती साडी अंथरली आणि लांब बसून राहिले.

पाच पिल्लं आचळाला लागली आहेत, ओढतानाचा चुटूचुटू आवाज बाहेर ऐकू येतो. सहावं, एक काळं, सारखं बाजूला पडतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. सगळ्यात मोठं ३४० ग्रॅम, हे १९० ग्रॅम. पंजाचे तळवे तांदळाच्या दाण्याएवढे आहेत. सकाळी नाक गुलाबी होतं, आता जांभळट दिसतंय. दूध ओढतं का बघावं म्हणून तोंडात करंगळीचं टोक घातलं तर आत गार लागलं. ड्रॉपरने पिशवीचं दूध कोमट करून दिलं, तर थोडं नाकातून बाहेर आलं. आता ते रडतही नाही.

त्यात शेजारून निरोप आलाय की दोन दिवसांत सोय करा, आवाज सहन होणार नाही. गल्लीतले एक जण म्हणाले, "आंटीजी, सराफे में छोड़ आओ, वहाँ रात को खाना मिल जाता है." दुसऱ्या एकांना एक पिल्लू हवंय, पण वीस दिवसांत. सासूबाईंनी चिंगीसाठी शिरा केला आहे आणि उद्या डिंकाचे लाडू करायचं म्हणताहेत. ते चालतात का? पिल्लं कधी द्यायची? ऑपरेशन आता कधी? पण आधी त्या लहानग्याचं सांगा. रात्री इथे हातपाय गारठतात आणि ती खोली पत्र्याची आहे.

महूचा जुना विद्यार्थी
११ जानेवारी, रात्री ९.५८

ताई, बाकीचं सगळं नंतर. आधी ड्रॉपर बाजूला ठेवा. आता एक थेंबही दूध देऊ नका.

मी पशुवैद्य आहे, महूच्या कॉलेजात शिकलो, आता देवासला दवाखाना आहे. तुम्ही लिहिलंत ना, तोंड आतून गार लागलं, सगळं त्यातच आलं. पिल्लाला पहिल्या आठवड्यात स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, थंडीने कुडकुडणंसुद्धा त्याला अजून जमत नाही. अंग गार पडलं की आतड्यांचं काम थांबतं. मग पोटात गेलेलं दूध पचत नाही, तिथेच नासतं, आणि चोखायची ताकद नसल्यामुळे ते श्वासनलिकेत उतरायची भीती असते. म्हणून आधी ऊब, मग दूध. हा क्रम उलटा झाला की पिल्लं जातात, आणि लोकांना वाटतं भुकेने गेली.

स्वेटरच्या आत, तुमच्या अंगाला लागून ठेवा. माणसाच्या अंगाइतकी चांगली ऊब दुसरी नाही. वर शाल घ्या. हीटरसमोर धरू नका, शेक देऊ नका, एकदम तापवणंही घातक असतं. तास-दीड तास लागेल. अधूनमधून करंगळी घालून बघा. तोंड आतून कोमट लागलं आणि ते बोट धरायला लागलं की ग्लुकोजच्या पाण्याचे एक-दोन थेंब हिरडीला चोळा, आणि मग चिंगीच्या मागच्या आचळांपैकी एकाला लावा. मागच्या आचळांना दूध जास्त असतं. मोठी पिल्लं तीच अडवून बसतात, त्यांना तेवढा वेळ बाजूला ठेवा. पहिल्या २४ तासांतलं चिकाचं दूध त्याला मिळायलाच हवं, आईकडून रोगांपासूनचं संरक्षण त्यातूनच येतं. पहाटे साडेतीनपासून धरलं तर तुमच्या हातात अजून थोडे तास आहेत.

नाकातून दूध आलं होतं, म्हणून श्वासाचा घरघर आवाज येतो का ते ऐका. येत असेल, किंवा दोन तासांत ऊब आली नाही, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

खोलीत पिल्लांजवळ साधारण ३० अंश ऊब हवी. गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून एका बाजूलाच ठेवा, म्हणजे गरम झालं की त्यांना सरकून लांब जाता येईल.

अंगणवाली, इंदूर
१२ जानेवारी, रात्री १२.२५

डॉक्टर, तुम्हाला काय म्हणू.

स्वेटरच्या आत घेऊन बसले. पहिला तासभर काहीच नाही, ओल्या मोज्यासारखं नुसतं पडून होतं. सासूबाई शेजारी बसून जप करत होत्या. पावणेबाराला गळ्याखाली अगदी बारीक काहीतरी वळवळलं. ते नाकाने शोधत होतं. करंगळी घातली तर जीभ तिच्याभोवती पन्हाळीसारखी वळली आणि ओढ लागली. ग्लुकोज चोळलं, मग सगळ्यात मागच्या आचळाला लावलं. दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा धरलं आणि पुढच्या पंज्यांनी आचळ दाबायला लागलं, मांजर गादी तुडवते तसं. सहा मिनिटं प्यालं, मी घड्याळ लावून बघितलं. घरघर नाही.

परवा संक्रांत, आणि हे काळं, एवढंसं. सासूबाई त्याला तीळ म्हणायला लागल्या आहेत.

मांजलपूरची माई, बडोदा
१२ जानेवारी, सकाळी ७.१०

वाचून जीव भांड्यात पडला गं. मी बडोद्याला असते. आमच्याकडे दोन वेळा बाळंतपणं झाली आहेत, म्हणून थोडं सांगते.

डिंकाचे लाडू चिंगीला देऊ नका. सासूबाईंना वाईट वाटेल, पण लाडवात जायफळ असतं, कुणी बेदाणेही घालतं, आणि हे दोन्ही कुत्र्यांना विषारी आहेत. शिऱ्यातही हे दोन्ही नसतील तर एखादा घास द्या, बाळंतिणीचं कौतुक म्हणून, पण पोट त्यावर भरू नका. तिला प्रथिनं हवीत. मऊ भात, उकडलेली अंडी, चालत असेल तर बिनमसाल्याचं चिकन, कांदा-लसूण अजिबात नाही. पिल्लांसाठीचं कोरडं खाणं मिळतं तेच तिलाही द्या. सहा पिल्लं पाजायची म्हणजे तिसऱ्या आठवड्यात तिला एरवीच्या अडीच-तीन पट खायला लागेल. दिवसातून चार वेळा द्या, आणि पाण्याचं भांडं तिच्या तोंडाशी ठेवा, कारण ती पिल्लं सोडून उठत नाही.

दुसरं काळजीपूर्वक वाच. आमची पॉमेरियन व्याल्यानंतर एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी थरथरायला लागली. मला वाटलं थंडी वाजतेय, मी पांघरूण घातलं. अर्ध्या तासात पाय ताठ झाले, डोळे फिरले. दुधातून सगळं कॅल्शियम निघून जातं, त्याचा हा झटका. डॉक्टरांनी शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं म्हणून ती वाचली. मी पांघरुणात आणखी अर्धा तास घालवला असता तर ती गेली असती. लहान चणीच्या कुत्र्यांत हे जास्त होतं, पण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात चिंगीकडेही लक्ष ठेव. थरथर, अस्वस्थपणा, धाप, ताठ चाल, यातलं काहीही दिसलं की पिल्लं वेगळी कर आणि लगेच दवाखाना गाठ. आचळ रोज हात लावून बघ. एखादं कडक, गरम, दुखरं लागलं तर तेही दाखवायचं.

आणि रोज एकाच वेळी वजन कर. मी कॅलेंडरवर पेन्सिलने लिहायचे. पिल्लू रोज थोडं वाढलंच पाहिजे, आठ-दहा दिवसांत दुप्पट. एक दिवस जरी घटलं तरी तो धोक्याचा इशारा समज.

सुदामानगरवाला
१२ जानेवारी, सकाळी ९.३०

राग मानू नका, पण आम्ही लहानपणापासून बघतो, अशक्त पिल्लाला आईच बाजूला सारते. निसर्गाचं काम निसर्गाला करू द्यावं. आणि पिल्लं वीस दिवसांचीच द्यावीत, लहानपणीच माणसाचा लळा लागतो. उशीर केला की कुणी घेत नाही, मग सहाच्या सहा तुमच्याच गळ्यात. मी आमच्या कुत्रीच्या वेळी हेच भोगलं आहे.

महूचा जुना विद्यार्थी
१२ जानेवारी, दुपारी १.४५

दादा, तुमचा अनुभव खोटा नाही, कुणी घेत नाही ही भीती खरी आहे. पण वीस दिवस हा हिशोब चुकीचा आहे. पिल्लाचे डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात, कान त्यानंतर मोकळे होतात. म्हणजे विसाव्या दिवशी ते नुकतंच जग बघायला लागलेलं असतं, अजून पूर्ण दुधावर असतं. तिसऱ्या आठवड्यापासून पुढे ते भावंडांशी खेळतं, चावतं, समोरचं कळवळलं की सोडतं, आई दटावते. किती जोराने चावायचं हे तिथे शिकतं. वीस दिवसांचं नेलेलं पिल्लू पुढे घरातल्या मुलांना चावतं, आणि मग तेच लोक त्याला बायपासला सोडून येतात. निदान आठ आठवडे आईजवळ हवं.

आणि आई बाजूला सारते म्हणाल, तर बऱ्याचदा ती गार पडलेल्या पिल्लाला सारते. ऊब आली की परत घेते. तीळाचं तेच झालं.

ताई, आता तुमचे राहिलेले प्रश्न.

वरचं दूध द्यायची वेळ आलीच तर पिशवीचं नको, पिल्लांची दूध पावडर आणा. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश साधारण नऊ टक्के असतो आणि प्रथिनं सात-आठ टक्के. गाईच्या दुधात दोन्ही त्याच्या निम्म्यापेक्षा कमी, आणि दुधातली साखर मात्र जास्त. म्हणून जुलाब लागतात. पाजताना पिल्लू नेहमी पालथं, पोटावर, आचळाशी असतं तसंच. माणसाच्या बाळासारखं उताणं कधीही नाही.

जंताचं औषध १४ दिवसांनी, म्हणजे २५ जानेवारीला, मग दर पंधरवड्याला आठ आठवड्यांपर्यंत. बरोबर चिंगीलाही. जंत आईच्या पोटातूनच येतात आणि दुधातूनही येतात, कितीही स्वच्छ घर असलं तरी. मात्रा वजनावर असते, ती डॉक्टरांकडूनच घ्या. चौथ्या आठवड्यात पातळ खाणं सुरू करा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर, रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर जमिनीवर सोडू नका. पार्वो, म्हणजे पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा रोग, त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, आणि या वयाच्या पिल्लांना तो दोन-तीन दिवसांत नेतो.

ऑपरेशन दूध आटल्यावर. पिल्लं तुटली की दोन-तीन आठवडे थांबा, पण त्यापुढे लांबवू नका, पिल्लं पाजून झाल्यावर काही महिन्यांत ती पुन्हा माजावर येते. तुमच्या दवाखान्यात जमलं नाही तर महूच्या कॉलेजात विचारा, तुमच्याकडून पंचवीसेक किलोमीटर आहे. १९५५ पासूनचं कॉलेज आहे ते.

सराफ्यात सोडायचं सुचवणाऱ्यांना सांगा की जनावर उपाशी मरेल असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि सराफ्यात रात्री खाण्याची दुकानं लागतात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, तिथे दोन दिवसांचं आंधळं पिल्लू काय खाणार.

दोन काळी कशी असं मनात आलं असेल तर, ती दोन रात्री निसटली होती. एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात.

सुदामानगरवाला
१२ जानेवारी, दुपारी ३.०५

चावण्याचं पटलं. आमच्या वेळी दिलेल्या पिल्लांपैकी दोन परत आली होती, दोन्ही चावतात म्हणून. ताई, माझ्याकडे लोखंडी पलंगाचा जुना जाळीचा कठडा आहे. पिल्लं चालायला लागली की लागेल, कळवा, आणून देतो.

अंगणवाली, इंदूर
२६ जानेवारी, सकाळी ११.१५

पंधरा दिवस लिहायला झालं नाही. रात्री दर तीन तासांनी उठत होते. तीळाला आधी आचळ, मग वर थोडं पावडरचं दूध, आणि मग ओल्या कोमट कापसाने खालून पुसायचं, म्हणजे शू करतो. इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दाखवलं ते. चिंगी बाकीच्यांचं चाटून करते, ह्याचंही करते, पण मला धीर नव्हता.

कॅलेंडरवरून उतरवते: ११ ला १९०, १२ ला १८५, १३ ला १९५. १२ तारखेचा तो १८५ बघून मला रडू आलं होतं. मग रोज पंधरा, वीस, कधी पंचवीस. २४ ला ४०० झाला, त्याच दिवशी डावा डोळा उघडला, उजवा काल. डोळे निळसर धुरकट आहेत. काल सगळ्यांना जंताचं औषध दिलं. तांबूस थोरल्याच्या शीतून शेवयांसारखे पांढरे जंत पडले, मी घाबरले, पण डॉक्टरांनी जंतांचं लिहिलेलं वाचलं होतं म्हणून समजलं.

शेजारच्या वहिनींकडे स्वतः गेले. भांडायला नाही, त्यांना घरी बोलवायला. त्यांची सून आली, दारातून बघितलं, मग आत येऊन बसली. आता ती रोज संध्याकाळी अर्धा तास बसते, तेवढ्यात मी आंघोळ करते. रात्री आवाज होतो तो पिल्लांना थंडी लागल्यावरच, हे तिच्या लक्षात आलं. तिनेच पत्र्याखाली थर्माकोलचे तुकडे लावून दिले.

सासूबाईंना लाडवांचं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "जायफळ तिला नको तर मलाही नको, दोघींना अंडं-भात कर." आयुष्यात अंडं खाल्लेलं नाही त्यांनी. भातच खाल्ला, पण चिंगीचं ताट स्वतः वाढतात.

मांजलपूरची माई, बडोदा
२६ जानेवारी, दुपारी १२.४०

तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आणि थरथरीचं विसरू नका, आता तेच दिवस आहेत.

अंगणवाली, इंदूर
९ मार्च, रात्री ८.३०

काल आठ आठवडे झाले, आणि कालच रंगपंचमी. राजवाड्याला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, सगळं शहर रस्त्यावर, आमच्या गल्लीतही दुपारपर्यंत ढोल आणि रंग. त्या गोंधळात कुणालाही पिल्लू नेऊ दिलं नाही. दोघं-तिघं येऊन परत गेले, आज बोलावलं.

१ मार्चला पहिली लस झाली आहे. चिंगीला झटका वगैरे काही आला नाही, एकदा एक आचळ कडक झालं होतं ते वेळेत दाखवलं.

आज तीन गेली. एक शेजारच्या सुनेकडे, भिंतीपलीकडेच. एक रामबागेत, एक सुदामा नगरात कठडा आणून देणाऱ्या दादांच्या बहिणीकडे. वीस दिवसांत मागणाऱ्या काकांनी पुन्हा विचारलं नाही. ज्यांना दिलं त्यांच्याकडून एका कागदावर लिहून घेतलं की उरलेल्या लसी आणि वेळ झाली की ऑपरेशन करतील, जमलं नाही तर पिल्लू मला परत देतील, रस्त्यावर सोडणार नाहीत. प्रत्येकाला चिंगीखालच्या साडीचा एकेक तुकडा दिला, पहिल्या रात्री वास ओळखीचा असावा म्हणून. थोरला जाताना चिंगी फाटकापर्यंत गेली, पिशवी हुंगली, परत येऊन उरलेल्या तिघांजवळ आडवी झाली.

दोन तांबूस माद्या अजून आहेत. इंदूर, देवास, उज्जैन इथल्या कुणाला हव्या असतील तर इथेच कळवा, आधी तुमचं घर बघायला येईन. तीळ देणार नाही. आज दोन किलो तीनशे भरला आणि सासूबाईंच्या पाटाखाली झोपतो.

चिंगीचं ऑपरेशन २४ मार्चला ठरलं आहे. फाटकाखालची फट ह्यांनी विटा लावून बुजवली.